लष्करची हौस

ग्वाल्हेरच्या किल्ल्याच्या दक्षिणेस सराफा, जनकगंज, माधवगंज, दाल बाजार, कंपू अशा पेठांनी गजबजलेले आणि अलीकडे हरिशंकरपुरमसारख्या नव्या वसाहतींपर्यंत वाढत गेलेले लष्कर हे शहर कोणी शहर म्हणून आखून वसविलेले नाही. दौलतराव शिंद्यांच्या फौजेचा तळ १८१० साली येथे पडला, पुढचे कूच आज होईल उद्या होईल अशा अपेक्षेने डेरे-राहुट्या उभ्या राहिल्या, ते कूच कधी झालेच नाही, आणि तंबूंच्या जागी यथाकाल वाडे, चौक, कमानी आणि बाजार उभे राहून छावणीचेच नगर झाले. सरदार-मानकऱ्यांचे गोट जेथे लागले तेथेच मोहल्ले झाले. त्यामुळे आजही रिक्षावाल्यास पत्ता सांगताना चिटणीस की गोठ, निंबाळकर की गोठ, पाटणकर बाजार, फालका बाजार, शिंदे की छावणी अशी नावे उच्चारावी लागतात आणि एखाद्या जुन्या मराठी दफ्तरातील हजेरीपट हिंदी प्रत्यय लावून वाचावा तसा तो प्रवास होतो.

अशा या नगरात मार्गशीर्ष-पौषाच्या थंडीत आठवडाभराच्या मुक्कामास येणारा पाहुणा हरिशंकरपुरमातील एखाद्या आप्ताच्या घरी उतरतो, सकाळी किल्ल्यावरील मानमंदिर पाहतो, दुपारी जयविलासाच्या दरबार हॉलमध्ये मान वर करून झुंबरे न्याहाळतो, सायंकाळी हजिऱ्यात तानसेनाच्या समाधीपाशी गाणे ऐकतो, एखादी रात्र नाटकास देतो आणि परतताना मेळ्याच्या मैदानावर काहीतरी चमचमीत खाऊन घरी येतो. हे सगळे शासनाने वा कुठल्या संस्थेने आपल्या सोयीसाठी हल्लीच मांडले आहे अशी त्याची समजूत असते. परंतु या कार्यक्रमपत्रिकेतील बहुतेक कलमे शिंदेशाहीच्या जमाखर्चात कधी ना कधी खर्ची पडलेली आहेत. करमणूक ही येथे कोणाची खासगी बाब नव्हती. पागा, तोफखाना आणि मुदपाकखाना यांच्याप्रमाणेच ती राज्याच्या इतमामाचा एक भाग होती. राज्य गेले, इतमाम गेला, आणि तरीही त्या हौसेतील काही गोष्टी जिवंत राहिल्या व काही केवळ तिकीट काढून पाहण्याच्या झाल्या. असे का झाले, हा मला या नगराच्या इतिहासातील सर्वांत रोचक प्रश्न वाटतो.

तळ ग्वाल्हेरीस स्थिरावण्यापूर्वीच्या वर्षी, म्हणजे १८०९ साली, ब्रिटिश रेसिडेंटाच्या रक्षक-तुकडीवरील थॉमस ड्यूअर ब्रॉटन नावाचा एक अधिकारी दौलतरावांच्या फौजेबरोबर हिंडत होता, आणि त्याने आपल्या भावास लिहिलेली पत्रे पुढे १८१३ साली पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली. परक्या राजवटीचा नोकर असल्याने त्याच्या लेखणीत तुच्छतेचा अंश आहे, तो वाचकाने वजा करून घ्यावाच लागतो. पण एवढे करूनही जे शिल्लक उरते ते बहुमोल आहे. चालत्या तळाबरोबर बाजार चालत, बाजाराबरोबर हलवाई आणि नाचणाऱ्या गाणाऱ्या कलावंतिणी चालत, सणवार आले की कूच थांबे, आणि होळीस तर खुद्द महाराज पाहुण्यांवर बंबाच्या नळीने पिवळे पाणी उडवीत, इतके की रेसिडेंटाच्या मंडळींचे कोरे कपडे जाग्यावर राहिले नाहीत. मोहरमात हेच महाराज फकिरी घेत. फौजेला पगार महिनोन्महिने मिळत नव्हता, शिपाई धरणे धरून बसत होते, आणि त्याच तळावर सणांचा थाट मात्र यत्किंचितही कमी होत नव्हता, ही विसंगती ब्रॉटनला हास्यास्पद वाटली. मला ती तितकीशी हास्यास्पद वाटत नाही. ज्या समाजाला स्वतःचे गाव मागे टाकून चार-पाचशे कोसांवर पिढ्यान्‌पिढ्या राहावे लागते, त्याचे गाव म्हणजे त्याचे पंचांगच असते. सण बुडाला की तो खरोखरच परदेशी होतो.

मोहरमातील फकिरी हा केवळ दौलतरावांचा लहरी छंद नव्हता, हे येथे सांगितले पाहिजे. महादजी शिंद्यांची बीडच्या मन्सूरशहा अवलियांवर निस्सीम श्रद्धा होती. अभंगरचना करणारा हा सेनापती वारकरी भावनेचा होता आणि सूफी पीराचा शिष्यही होता, आणि या दोहोंत विरोध आहे असे त्याला किंवा त्याच्या पदरच्या ब्राह्मण कारभाऱ्यांना वाटल्याचे दिसत नाही. महाराज बाड्यालगतच्या गोरखी वाड्यातील देवघरात कुलदैवतांशेजारी मन्सूरशहांचेही स्थान आहे, त्यांचा उरूस होतो, आणि संस्थानच्या काळी मोहरमात सरकारी ताजिया निघत असे. दसऱ्याचा मुख्य विधी कंपूकडील मांढरे की माता या मंदिराजवळ होतो. तेथील शमीवर शिंदे घराण्याच्या पुरुषाने तलवार टेकवली की सरदार घराण्यांतील मंडळी आणि जमलेले लोक पानांवर झडप घालतात व सोने म्हणून ती एकमेकांस वाटतात. पूर्वी या सोहळ्यास हत्ती, पालख्या, जरीपटके आणि तोफांची सलामी असे; आता मोटारी असतात, आणि मोटारींना सलामी देणे बरे दिसत नाही म्हणून की काय, तोफाही गप्प आहेत.

भोजनाची गोष्ट निघाली की ग्वाल्हेरीस एक जुनी जखम आठवल्यावाचून राहत नाही. दौलतरावांमागे काही वर्षे राज्यकारभार चालविणाऱ्या, दानधर्मासाठी सर्व हिंदुस्थानात ख्यात असलेल्या बायजाबाई शिंदे मथुरेस मोठा यज्ञ करणार असल्याची वार्ता १८५७च्या सुमारास कोकणापर्यंत पोहोचली, आणि पेणजवळील वरसई गावचे विष्णुभट गोडसे कर्ज फेडण्याइतकी दक्षिणा मिळेल या आशेने पायी निघाले. दक्षिणेऐवजी त्यांना बंडाचा वणवा पाहावा लागला. झाशीचा पाडाव झाला, काल्पीही गेली, आणि १८५८च्या जूनच्या आरंभी रावसाहेब पेशवे, तात्या टोपे आणि राणी लक्ष्मीबाई ग्वाल्हेरीवर चालून आले. जयाजीराव शिंदे आग्ऱ्याकडे निघून गेले, त्यांची बहुतेक फौज पेशव्यांना मिळाली, आणि किल्ला, खजिना, शहर सारे एका दिवसात हाती आले. त्यानंतरचे जेमतेम अठरा दिवस पेशवाईचे पुनरुज्जीवन झाले. दरबार भरले, वस्त्रे वाटली गेली, आणि ब्राह्मणभोजनाच्या पंगतींवर पंगती उठल्या. इंग्रज सेनापती सर ह्यू रोजची फौज मजल दरमजल जवळ येत असता मोर्चेबंदीकडे लक्ष देण्याऐवजी पंचपक्वान्नांचा हा सोहळा चालला होता, याबद्दल मराठी इतिहासकारांनी रावसाहेबांना आजवर क्षमा केलेली नाही. फुलबागेजवळ राणीची समाधी आहे. तेथून महाराज बाडा फारसा दूर नाही. मिष्टान्न खाऊन शतपावलीस निघालेल्या पाहुण्याने हे अंतर एकदा चालून पाहावे.

गोडसे भटजींनी हा सारा प्रवास बऱ्याच वर्षांनी लिहून काढला, आणि ‘माझा प्रवास’ या नावाने तो १९०७ साली प्रसिद्ध करणारे चिंतामणराव वैद्य हे ग्वाल्हेर संस्थानचे मुख्य न्यायाधीश राहिलेले होते. ज्या दरबाराने बंडात इंग्रजांची बाजू घेतली त्याच दरबारच्या एका माजी अंमलदाराने बंडाचे हे अत्यंत जिवंत मराठी कथन उजेडात आणावे, हा योगायोग मोठा मनोरम आहे. पण ग्वाल्हेरी मराठी माणसाचे जगच असे दुहेरी होते: निष्ठा दरबाराशी आणि आठवण पुण्याची.

आता गाण्याकडे वळू. ग्वाल्हेरचे गाणे शिंद्यांहून पुष्कळ जुने आहे. पंधराव्या शतकाच्या अखेरीस राजा मानसिंह तोमराच्या आश्रयाने ध्रुपदाला रूप आले. त्याच्या राणीसाठी बांधलेला गूजरी महाल किल्ल्याच्या पायथ्याशी आजही उभा असून त्यात पुराणवस्तूंचे संग्रहालय आहे. तानसेन याच मुलखातला, बेहट गावचा. परंतु ज्याला आपण महाराष्ट्रात ख्यालगायकी म्हणतो आणि जिचे ऋण आपल्या प्रत्येक बैठकीवर आहे, ती मात्र शिंद्यांच्या दरबारी, एकोणिसाव्या शतकात, नत्थन पीरबक्षांच्या घराण्यातील हद्दूखाँ, हस्सूखाँ आणि नत्थूखाँ यांच्या गळ्यांतून आकारास आली. दरबारात त्या काळी बडे महंमदखाँ हे तानबाजीसाठी प्रख्यात गवई नोकरीस होते व आपली विद्या ते कोणास देत नसत; तेव्हा हद्दू-हस्सू या तरुण बंधूंना पडद्याआड बसवून महंमदखाँचे गाणे दीर्घकाळ ऐकविण्याची व्यवस्था खुद्द महाराजांनी केली, अशी परंपरेने आलेली कथा आहे. एके दिवशी भर दरबारात या दोघांनी तीच गायकी गाऊन दाखविली आणि महंमदखाँ संतापून दरबार सोडून गेले. पुढे त्यांनीच डिवचल्यामुळे हस्सूखाँनी ‘कडक बिजली’ची तान दुसऱ्यांदा घेतली आणि त्या श्रमाने त्यांचा प्राण गेला, असाही कथेचा उत्तरार्ध सांगतात. कथेतील अतिशयोक्ती सोडून दिली तरी तिच्यात एक सत्य शिल्लक राहते. विद्या दरबाराची होती, तिचा पगार दरबार देत होता, आणि तरीही ती पडद्याआडून, चोरून, कष्टानेच मिळवावी लागत होती.

हा पडदा फाडला तो मराठी भिक्षुकांच्या पोरांनी. वासुदेवबुवा जोशी हे हद्दू-हस्सूखाँच्या शिष्यशाखेतले. त्यांच्यापाशी शिकण्यासाठी बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर महाराष्ट्रातून ग्वाल्हेरीस आले. अन्नछत्राची पंगत किंवा माधुकरीची झोळी हाच ज्यांचा खानावळीचा बंदोबस्त, अशा कितीतरी मुलांनी त्या काळात या शहराची वाट धरली. गुरुगृही पाणी भरावे, कपडे धुवावेत, गुरूंच्या पाठोपाठ तंबोरा वाहून न्यावा, आणि कधीतरी एखादी अस्ताई पदरात पडावी, असा तो शिक्षणक्रम होता. बाळकृष्णबुवा १८४९ साली जन्मले व १९२६ साली वारले. या सत्त्याहत्तर वर्षांच्या आयुष्यात त्यांनी ग्वाल्हेरचे गाणे मुंबई, मिरज आणि इचलकरंजीस आणून रुजविले, आणि त्यांचे शिष्य विष्णु दिगंबर पलुस्कर यांनी १९०१ साली लाहोरास गांधर्व महाविद्यालय काढून ते घरोघर नेले. दरबारी गवयास खिलअत देऊन दरबाराचा अधिकार संपत होता. या मुलांच्या झोळीतून मात्र गाणे राज्याच्या सरहद्दीपलीकडे गेले, आणि त्यासाठी कोणा दिवाणाचा परवाना लागला नाही.

याच काळात लष्करातील एका ब्राह्मण घरात जे घडत होते त्याचे वर्णन केल्यावाचून पुढे जाववत नाही. कीर्तनकार विष्णुपंत पंडितांचा हद्दू-हस्सूखाँशी स्नेह होता. त्यांच्या पुत्रांना नत्थूखाँचे दत्तक पुत्र निस्सार हुसेनखाँ यांनी विद्या दिली, आणि दरबाराशी बेबनाव झाल्यावर खाँसाहेब पंडितांच्या घरीच राहावयास आले. सोवळ्याओवळ्याचा कडक अंमल असलेल्या त्या युगात एका कीर्तनकाराच्या घरी एक मुसलमान उस्ताद कुटुंबातील वडीलधारा म्हणून राहतो, संस्कृत श्लोक म्हणतो, स्वतःस थट्टेने ‘निस्सार भट’ म्हणवून घेतो, अशी त्या घराण्याची स्मृती आहे. या घरातील शंकरराव पंडित आणि त्यांचे पुत्र कृष्णराव यांच्या गाण्याने ग्वाल्हेर घराण्याची अस्सल पेढी विसाव्या शतकाच्या नवव्या दशकापर्यंत चालविली; कृष्णरावांनी १९१४ साली, म्हणजे वयाच्या अवघ्या एकविसाव्या वर्षी, लष्करात स्वतःची संगीतशाळा काढली, पुढे ती शंकर गांधर्व महाविद्यालय म्हणून नावारूपास आली, आणि ते स्वतः शहाण्णव वर्षे जगून १९८९ साली वारले. आणखी एक गोष्ट नाट्यरसिकांनी ध्यानात ठेवावी. निस्सार हुसेनखाँपाशी शिकून गेलेल्यांत सावंतवाडीकडील रामकृष्णबुवा वझे होते, आणि १९२७ साली रंगभूमीवर आलेल्या ‘रणदुंदुभी’च्या पदांना चाली लावणारे वझेबुवा ते हेच. बलवंत संगीत मंडळीच्या रंगमंचावर दीनानाथ मंगेशकर ज्या आक्रमक, झेपावणाऱ्या ताना घेत आणि प्रेक्षागृह डोक्यावर घेत, त्यांची एक मुळी ग्वाल्हेरच्या या गल्लीत आहे. मराठी संगीत नाटकाने पुण्या-मुंबईत बक्कळ पैसा कमावला. त्यातील भांडवलाचा मोठा हिस्सा मात्र येथून, व्याजाचा करार न करता, गेलेला होता.

जयाजीरावांचा काळ थाटाचा. १८७४ साली पुऱ्या झालेल्या जयविलास प्रासादाचे शिल्पकार मायकेल फिलोज हे होत. दरबार हॉलमधील दोन झुंबरे प्रत्येकी साडेतीन टन वजनाची आहेत, आणि छत हा भार पेलेल की नाही हे पाहण्यासाठी त्यावर हत्ती चढविले होते ही कथा मार्गदर्शक मोठ्या रसाने सांगतो. हत्ती चढले की नाही हे परमेश्वर जाणे. पण असा राजा असा प्रयोग करील, हे ऐकणाऱ्यास सहज पटते. भोजनगृहातील मेजावर पुढे, जयाजीरावांच्या पश्चात, रुळ घातले गेले आणि त्यांवरून चांदीची आगगाडी काचेच्या डब्यांतून मद्य, विड्या आणि सुका मेवा घेऊन पाहुण्यांपुढे फिरत असे. पात्र उचलले की गाडी थांबे, परत ठेवले की चाले. १९६४ पासून प्रासादाच्या एका भागात संग्रहालय आहे आणि ही गाडी पाहण्यास लोक रांग लावतात. ती पाहताना मला नेहमी असे वाटते की ज्या हौसेत शिकण्यासारखे काहीच नव्हते, जी कोणास हस्तगत करता येण्यासारखी नव्हती, तीच अशी काचेआड जाऊन बसली. जयाजीरावांचे पुत्र भैया गणपतराव यांनी मात्र हार्मोनियम हाती घेतली आणि ठुमरीच्या साथीत तिला जी प्रतिष्ठा मिळवून दिली ती हिंदुस्थानभर पसरली. ती पाहण्यास तिकीट लागत नाही.

जयाजीरावांनंतर गादीवर आलेल्या माधवराव शिंद्यांची गोष्ट निराळी. या पुरुषाच्या अंगी थट्टेखोरपणा, शिस्त आणि यंत्रांचे वेड यांचे अजब मिश्रण होते. दोन फुटी रुळांची रेल्वे त्यांनी संस्थानभर नेली, फाईली स्वतः वाचल्या, आणि करमणुकीचेही रीतसर खाते बनविले. १९०५ साली सुरू केलेला मेळा हा मुळात गुराढोरांच्या व्यापारास उत्तेजन देण्यासाठी होता. पण जेथे बैल विकावयास शेतकरी येतो तेथे त्याची बायकामुलेही येतात, मग पाळणा येतो, तमाशाचा तंबू येतो, खाजल्याची कढई येते, आणि बघता बघता शंभर एकरांहून मोठ्या मैदानावर थंडीभर टिकणारे दुसरे शहर उभे राहते. १९१८ साली माधवरावांनी पंडित विष्णु नारायण भातखंड्यांच्या योजनेनुसार माधव संगीत विद्यालय स्थापन केले. त्यासाठी आपल्या पदरच्या काही गवयांना स्वरलेखन शिकण्यास त्यांनी मुंबईस धाडले होते, त्यांत राजाभैया पूछवाले होते, आणि पुढे ते या विद्यालयाचे प्राचार्य झाले. घराणेदार गवयाने शाळामास्तराप्रमाणे फळ्यावर स्वर लिहावेत हे त्या वेळी अनेकांना अब्रह्मण्यम् वाटले असेल. पण पडद्याआडची विद्या खडूने फळ्यावर आली, आणि लष्करातील कारकुनाच्या मुलासही ती मिळू लागली.

तानसेनाचा वार्षिक उत्सव १९२४ साली याच माधवरावांच्या राजवटीत सुरू झाला. पुढल्याच वर्षी जूनमध्ये ते पॅरिसात वारले. उत्सवाचे रूप ठरविताना त्यांनी, किंवा त्यांच्या दरबाराने, जे शहाणपण दाखविले ते विचार करण्याजोगे आहे. तानसेनाची समाधी हजिऱ्यातील महंमद गौस या सूफी संताच्या भव्य दर्ग्याच्या आवारात आहे. शेजारच्या चिंचेचा पाला खाल्ल्याने गळा गोड होतो या समजुतीपायी गवयांनी ते झाड वर्षानुवर्षे ओरबाडले. अशा ठिकाणी मराठा राजाने मोगल दरबारच्या गायकाचा उरूस भरवायचा, तर आरंभ कोणत्या धर्माच्या रीतीने करावा? उत्तर असे निघाले की सनई झडावी, लष्करातील ढोलीबुवांच्या मठाच्या परंपरेतील कीर्तनकाराने हरिकथा करावी, मग मिलाद वाचला जावा आणि चादर चढावी. आजही उत्सवाची पहिली सकाळ अशीच उजाडते. मोठमोठ्या कलावंतांच्या रात्रीच्या बैठका ऐकण्यास गर्दी होते. ज्यास ग्वाल्हेर कळून घ्यायचे असेल त्याने झोप मोडून ही सकाळ गाठावी. पागोटे घातलेला कीर्तनकार चिपळ्या घेऊन दर्ग्याच्या आवारात नादब्रह्माचे निरूपण करतो आणि मौलवी ते ऐकत बसलेले असतात. एकाचे संपले की दुसऱ्याचे सुरू होते, आणि कोणीही कोणावर उपकार केल्याचा आव आणीत नाही. उत्सवाची एक सभा बेहटला, तानसेनाच्या गावी, होते. तेथले कललेले शिवालय तानसेनाच्या तानेने कलले, असे गावकरी सांगतात.

राज्य विलीन झाल्यावर या गोष्टींचे काय झाले? १९४८ साली मध्यभारत स्थापन होऊन जिवाजीराव शिंदे राजप्रमुख झाले, १९५६ साली मध्यभारतही मध्य प्रदेशात मिळाला, राजधानीचा मान भोपाळकडे गेला, आणि ग्वाल्हेर हे जिल्ह्याचे ठिकाण उरले. पण तानसेनाचा उत्सव चालू राहिला, मेळा चालू राहिला, संगीत विद्यालय चालू राहिले. १९८० पासून तानसेन सन्मान दिला जाऊ लागला, २००८ साली राजा मानसिंह तोमरांच्या नावे संगीत व कला विद्यापीठ झाले, आणि २०२३ साली युनेस्कोने ग्वाल्हेरला संगीताचे नगर म्हणून आपल्या सूचीत घातले. २०२४च्या डिसेंबरात, तानसेन उत्सवाच्या शंभराव्या वर्षी, किल्ल्यावर ५४६ कलावंतांनी एकसमयावच्छेदेकरून वादन करून विक्रमाच्या पुस्तकात नाव नोंदविले. इतक्या जणांनी एकत्र वाजविण्यात विक्रम असेल. हद्दूखाँच्या गाण्याशी त्याचा संबंध जोडणे मला जड जाते. संख्येचा हा सोस मात्र अस्सल दरबारी आहे, साडेतीन टनांच्या झुंबराच्या जातीचा.

खाण्याच्या बाबतीत लष्कर उत्तरेस पुरते शरण गेले आहे, आणि त्याबद्दल कोणास खेद करण्याचे कारण दिसत नाही. सकाळी बेडई आणि बटाट्याची झणझणीत भाजी, नया बाजारातील बहादुराचे साजूक तुपातले लाडू, थंडीत मुरैनेकडची तिळगुळाची खुसखुशीत गजक, संध्याकाळी मुगाचे मंगोडे. अटलबिहारी वाजपेयी या शहरात जन्मले आणि वाढले, आणि पंतप्रधानपदी असतानाही त्यांना बहादुराच्या लाडवांची आठवण येत असे हे सर्वश्रुत आहे. मराठी घरांतील पुरणपोळी, आमटी, श्रीखंड टिकून आहे, पण सणापुरते. हरिशंकरपुरमच्या ज्या घरी माझे बऱ्याच वेळा उतरणे होते तेथील वयोवृद्ध काकू पुरण उत्तम शिजवतात, मात्र बाहेर निघताना त्या हटकून सांगतात, “अहो, येताना गजक घेऊन या, ती काही आपल्याला घरी जमायची नाही.” वाडा सोडून वसाहतीत आलेल्या पिढीने मुदपाकखाना मागेच ठेवला आणि बाजार आपलासा केला. लाडू विकणाऱ्याने कधी जात विचारली नाही, पंक्तिप्रपंच केला नाही. १८५८च्या त्या पंगतींपेक्षा हे बरेच आहे.

राहिले नाटक, आणि येथे मात्र हिशेब तितका सरळ नाही. दरबाराने गवयांना नेमणुका दिल्या तशा नटांना दिल्या नाहीत. नाटक मंडळी ही मुळातच फिरती, तिकिटावर जगणारी, आणि म्हणून दरबारापेक्षा प्रेक्षकांवर अवलंबून असलेली. लष्करातील मराठी मंडळींनी आपली नाट्यहौस आपल्याच खर्चाने भागविली. आर्टिस्ट कंबाईन या संस्थेचे दाल बाजारातील नाट्यमंदिर हे त्या हौसेचे घर. धान्याच्या पोत्यांनी आणि हमालांच्या हाकाटीने भरलेल्या बाजारातून वाट काढीत नाटकास जावे लागते. कचेरीतून सुटलेले कारकून, शिक्षक, बँकेतले नोकर तालमी करतात, घरच्या साड्या आणि शेजारच्या खुर्च्या रंगमंचावर येतात, आणि प्रयोगाच्या दिवशी पहिल्या रांगेत जुन्या घराण्यांतील आजोबा-आजी बसलेले असतात.

नाटकास लागते ती भाषा, आणि भाषा ही गाण्यासारखी सरहद्द ओलांडत नाही. या मुलखातील मराठीची उंची काही कमी नव्हती. भास्करराव तांबे मुंगावलीस जन्मले, ग्वाल्हेरचे राजकवी झाले आणि १९४१ साली येथेच निवर्तले. १९६१ साली मराठी साहित्य संमेलन ग्वाल्हेरीस भरले तेव्हा अध्यक्षपदी कुसुमावती देशपांडे होत्या, त्या पदावर बसलेल्या पहिल्या स्त्री. महाराष्ट्राने जे धाडस तोवर केले नव्हते ते या दूरच्या मुलखात झाले. पण त्याच मुलखातील श्योपूर येथे १९१७ साली जन्मलेले गजानन माधव मुक्तिबोध हिंदीचे थोर कवी झाले आणि त्यांचे धाकटे बंधू शरच्चंद्र मराठीचे. एका मायबापांच्या पोटी दोन भाषांचे दोन कवी. प्रभाकर माचवे ग्वाल्हेरचेच, त्यांनी दोन्ही दरडींवर पाय ठेवले. आज नाट्यमंदिरातील प्रेक्षकांत नातवंडे आजीला हिंदीत विचारतात आणि आजी मराठीत उत्तर देते. त्यामुळे मंडळी मराठी नाटके करतात तशी हिंदीही करतात, आणि हिंदी प्रयोगास पोत्यांच्या बाजारातले व्यापारीही येऊन बसतात. गाणे टिकले कारण ते मुसलमान उस्तादाकडून ब्राह्मणाच्या पोराने आणि पुढे कोणाच्याही पोराने उचलले. मराठी नाटकही येथे टिकायचे तर ते दाल बाजारातील आडत्यास कळेल अशा भाषेत कधीमधी बोलणार हे ओघानेच आले, आणि शुद्धतेच्या नावाखाली त्यावर नाक मुरडणाऱ्यांनी तिकीट काढून निदान दोन खुर्च्या भराव्यात.